डेस्कटॉपची स्क्रीन सारखी काळी पडते? बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागांतून कॉम्प्युटरबद्दल सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "स्क्रीन काळी होते, काय करू?" विचारणारे कुणी झेरॉक्स सेंटरवाले असतात, कुणी शाळेतले गुरुजी, कुणी सोसायटीचे सेक्रेटरी, कुणी इंजिनिअरिंगची मुलं. बहुतेकांना कुणीतरी आधीच "फॉरमॅट मारा" किंवा "नवा मॉनिटर घ्या" असं सांगितलेलं असतं. माझं सांगणं एवढंच, की काळोख मॉनिटरचा आहे, केबलचा आहे, डब्याचा आहे की लाईटचा, हे कळेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका. ते ओळखायला बहुधा पैसे लागत नाहीत.

या पानावर सीपीयू म्हणजे आपण सगळे म्हणतो तो अख्खा डबा. विंडोज १० आणि ११ गृहीत धरलं आहे.

१. बिघाड मॉनिटरमध्ये आहे की सीपीयूमध्ये, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

स्क्रीन काळी झाली की लगेच बंद-चालू करू नका. त्याच अवस्थेत पुढच्या गोष्टी पाहा.

आधी मॉनिटरचा छोटा दिवा. तो पूर्ण विझला असेल तर मॉनिटरला वीजच मिळत नाही; पिन, अडॅप्टर, बोर्ड तपासा. दिवा पिवळा किंवा नारिंगी झाला असेल, किंवा लुकलुकत असेल, तर मॉनिटर जागा आहे पण सीपीयूकडून चित्र येत नाही. नेहमीच्याच रंगाचा स्थिर दिवा असेल तर मॉनिटरवरचं मेनूचं बटण दाबा. मेनू दिसला, तर काच आणि मागचा प्रकाश दोन्ही शाबूत आहेत.

मग मॉनिटर चालू ठेवून चित्राची केबल मागून काढा. बहुतेक मॉनिटर अशा वेळी 'नो सिग्नल' किंवा 'चेक केबल' अशी पाटी दाखवतात. पाटी दिसली म्हणजे मॉनिटर स्वतः ठीक आहे.

शेवटी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर सीपीयू जिवंत आहे, विंडोज चालू आहे, फक्त चित्र पोहोचत नाही. दिवा हलत नसेल तर सीपीयू गोठला आहे किंवा बंद पडला आहे.

शेजारच्याचा मॉनिटर किंवा घरातला टीव्ही तासभर जोडून पाहता आला तर याहून खात्रीची परीक्षा नाही. पुढचे सगळे प्रश्न या तपासणीच्या उत्तरावर अवलंबून आहेत, म्हणून ती टाळू नका.

२. दहा मिनिटं हात लावला नाही की स्क्रीन काळी होते, माऊस हलवला की येते. हा बिघाड आहे का?

नाही, ती सेटिंग आहे. सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर इथे जाऊन स्क्रीन किती वेळाने बंद व्हावी ते बदला. तिथे बदलूनही फरक पडला नाही तर स्क्रीन सेव्हर 'ब्लँक'वर ठेवलेला आहे का पाहा, आणि मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत 'ऑफ टायमर' किंवा 'इको' चालू आहे का तेही पाहा. टीव्हीच मॉनिटर म्हणून वापरत असाल तर टीव्हीचा स्लीप टायमर. माऊस हलवूनही स्क्रीन येत नसेल तर प्रश्न १५.

३. 'नो सिग्नल' येतं आणि स्क्रीन जाते. केबल तर घट्ट आहे. मग?

घट्ट वाटणारी केबल आतून तुटलेली असू शकते. टेबल भिंतीला टेकवून ठेवलं की केबल मागे काटकोनात मुडपते आणि पिनेजवळची तार तुटते. स्क्रीन गेलेली असताना केबल दोन्ही टोकांना हळूच हलवा. चित्र आलं-गेलं तर दोष सापडला.

जुन्या निळ्या व्हीजीए केबलचे दोन्ही स्क्रू हाताने पूर्ण आवळा. आतली एखादी पिन वाकलेली आहे का पाहा, पण या केबलमधल्या १५ पैकी एखादी पिन मुळातच नसते, त्यामुळे ती 'तुटली' असं समजू नका. एचडीएमआयला स्क्रू नसतात. सीपीयू जरा सरकवला तरी ती सैल होते. मधे एचडीएमआयवरून व्हीजीए करणारं कन्व्हर्टर असेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्या. स्वस्त कन्व्हर्टर तापतं, चित्र सोडून देतं आणि थंड झालं की पुन्हा चालतं.

मॉनिटरला दोन-तीन इनपुट असतील तर मेनूतून योग्य इनपुट निवडा आणि 'ऑटो' बंद करा.

डब्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्याच कार्डाच्या तोंडात हवी, वरच्या बाजूच्या मदरबोर्डच्या (डब्यातल्या मुख्य सर्किट बोर्डच्या) तोंडात नको. सीपीयू साफ करून परत जोडताना ही चूक हमखास होते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो त्यांना स्वतःचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे त्यांच्या मदरबोर्डच्या तोंडातून चित्र येणारच नाही.

४. चालू केल्यावर दोन सेकंद चित्र दिसतं आणि काळं होतं. अंधारात टॉर्च मारला तर अक्षरं दिसतात!

ही टॉर्चची परीक्षा उत्तम. अक्षरं पुसट दिसतात म्हणजे चित्र येतंय, मागचा प्रकाश गेलाय. एलईडीची पट्टी किंवा तिला वीज देणारा भाग खराब झाला की मॉनिटर स्वतःला वाचवण्यासाठी प्रकाश बंद करतो. विंडोज, ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर), फॉरमॅट यांचा इथे काडीचाही संबंध नाही.

अडॅप्टरवर चालणाऱ्या मॉनिटरचा आधी अडॅप्टर बदलून पाहा. थकलेला अडॅप्टर दिवा लावण्यापुरती वीज देतो, पण पूर्ण प्रकाशाचा भार आला की कोसळतो. ब्राइटनेस अगदी कमी केल्यावर स्क्रीन टिकत असेल तर संशय आणखी पक्का. नवा अडॅप्टर घेताना व्होल्ट जुन्याएवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. पिन बसते म्हणून दुसऱ्याच मॉनिटरचा १९ व्होल्टचा अडॅप्टर १२ व्होल्टच्या मॉनिटरला लावू नका.

मॉनिटर स्वतः उघडू नका. ज्यांचा पॉवर सप्लाय आतच असतो, त्यांच्या कपॅसिटरमध्ये पिन काढल्यावरही धोकादायक दाब शिल्लक राहतो.

५. गावात थ्री फेज आली, विहिरीच्या मोटारी सुरू झाल्या, की स्क्रीन जाते. मॉनिटर खराब आहे का?

बहुधा नाही. चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या ऊसपट्ट्यातून हा प्रश्न सतत येतो. एका ट्रान्सफॉर्मरवर बऱ्याच मोटारी एकदम सुरू झाल्या की त्या क्षणी प्रत्येक मोटार नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि व्होल्टेज खाली बसतं. घरातला बल्ब डीम होतो तेव्हा हेच चाललेलं असतं.

आता एक बारकावा. मॉनिटरचा अडॅप्टर साधारण १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे तो तग धरतो. स्वस्त सीपीयूचा एसएमपीएस (डब्यातला वीज पुरवणारा भाग) मात्र पुष्कळदा १८० व्होल्टच्या खाली हात टेकतो. म्हणून सीपीयू बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो आणि मॉनिटर बिचारा 'नो सिग्नल' दाखवतो. दोष दिसतो मॉनिटरवर, असतो व्होल्टेजमध्ये. स्क्रीन गेल्यावर सीपीयूच्या पंख्याचा आवाज ऐका. आवाजही थांबला असेल तर हेच कारण.

उपाय म्हणून लाईन इंटरॅक्टिव्ह यूपीएस घ्या. व्होल्टेज कमी-जास्त झालं तर तो बॅटरी न वापरताही सांभाळून घेतो. नुसता स्टॅबिलायझर क्षणिक झटका अडवू शकत नाही. ६०० व्हीएचा साधा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपास भार पेलतो, म्हणजे ऑफिसकामाच्या सीपीयूला आणि मॉनिटरला पुरेसा. त्यातली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते. थकलेल्या बॅटरीचा यूपीएस हिरवा दिवा दाखवत राहतो आणि ऐनवेळी मशीन सोडून देतो. यूपीएस असूनही त्रास होत असेल तर महिन्यातून एकदा साधी फाइल उघडी ठेवून, बाकी काम सेव्ह करून, भिंतीवरचं बटण बंद करा आणि पाहा किती वेळ टिकतो.

उलटा प्रकारही लक्षात ठेवा. बल्ब एकाएकी नेहमीपेक्षा प्रखर झाले तर ताबडतोब सगळ्या पिना काढा. लाईनचा न्यूट्रल तुटला की घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो.

६. लेसर प्रिंट मारली की स्क्रीन काळी होते. आमचं झेरॉक्स सेंटर आहे.

लेसर प्रिंटर आणि झेरॉक्स मशीनमधला रूळ तापायला एकदम मोठा करंट लागतो. प्रिंटर आणि सीपीयू एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर, त्यातही एकाच यूपीएसवर असतील तर यूपीएस ओव्हरलोड होऊन सगळंच बंद करतो. प्रिंटर यूपीएसवरून काढा आणि भिंतीवरच्या वेगळ्या सॉकेटवर लावा. हा उपाय फुकटचा आहे आणि लगेच कळतो. तरीही स्क्रीन जात असेल तर दुकानाचं वायरिंग किंवा मेन स्विचमधली एखादी जोडणी सैल आहे. वायरमनला बोलवा, कारण सैल जोडणी तापून आग लागू शकते.

७. घरी इन्व्हर्टर आहे, तरी लाईट गेली की सीपीयू रीस्टार्ट का होतो?

इन्व्हर्टरला लाईनवरून बॅटरीवर यायला क्षणभर वेळ लागतो. सीपीयूचा एसएमपीएस वीज तुटल्यावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण १० मिलिसेकंदांत बदलतो, साध्या मोडमध्ये ४० पर्यंत लागू शकतात. इन्व्हर्टरच्या मागे किंवा बाजूला यूपीएसचं बटण असतं, ते तिकडे करा. व्होल्टेज फारच वर-खाली असलेल्या गावात यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर जातो आणि ती उतरवतो. तिथे कॉम्प्युटरपुरता छोटा यूपीएस वेगळा ठेवणं बरं.

८. खुर्चीवरून उठलं की स्क्रीन सेकंदभर काळी होते. कुणी विश्वास ठेवत नाही.

मी ठेवतो, कारण हा प्रकार खरा आहे आणि जगभर नोंदला गेला आहे. गॅसवर वर-खाली होणाऱ्या फिरत्या खुर्चीवरून उठताना किंवा बसताना स्थिर विजेचा बारीक स्फोट होतो. त्याची लहर चित्राच्या केबलमध्ये शिरते, मॉनिटरचा ताळ सुटतो आणि एक-दोन सेकंदांनी परत जुळतो.

याच कुळातले दुसरे प्रकारही आहेत. उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये शेजारी वेल्डिंग सुरू झालं की, जुनी चोकवाली ट्यूब लावली की, पंख्याचं बटण दाबलं की स्क्रीन क्षणभर जाते. सीपीयूला काही होत नाही; गाणं चालू असेल तर आवाज खंडत नाही. हीच ओळख.

इथे केबल बदलणं हा खरा उपाय आहे. जाड आवरणाची चांगली एचडीएमआय केबल घ्या, गरजेपेक्षा लांब घेऊ नका, आणि विजेच्या वायरींच्या जुडग्यापासून लांबून न्या. केबलवर चढवायचा फेराइटचा काळा गोळाही मदत करतो. अर्थिंगही तपासा, त्यासाठी प्रश्न ११ पाहा.

९. पावसाळ्यात सकाळी चालू केला तर पंखा फिरतो, स्क्रीन काळीच. दुपारी आपोआप चालू होतो. असं का?

हा खास खानापूर तालुक्यातला प्रश्न. कणकुंबी, जांबोटीकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, तिथे मशीनच्या आत दमटपणा जाणारच. रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या पट्टीच्या, सोनेरी दातांवर बारीक थर बसतो, सॉकेटशी नीट संपर्क होत नाही आणि मदरबोर्ड चित्रापर्यंत पोहोचतच नाही. पुष्कळ मशीन अशा वेळी लांब 'बीप' देतात. मशीन थोडं तापलं की संपर्क जुळतो आणि दुपारी सगळं ठीक वाटतं.

हे घरी करता येतं. पिन काढा. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज जाईल. बाजूचं झाकण उघडा, डब्याच्या उघड्या धातूला हात लावा, मग रॅमच्या टोकांचे खटके उघडून पट्टी सरळ वर काढा. दातांवरून पांढरा खोडरबर हलकेच फिरवा आणि कण ब्रशने झाडून टाका. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर त्याहून चांगलं. पट्टी परत बसवताना दोन्ही खटके 'टक' असा आवाज करून बसले पाहिजेत. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा. एखादी खरोखर गेलेली असू शकते.

चालू झाल्यावर तारीख-वेळ भलतीच दिसली तर मदरबोर्डवरचा बटणासारखा ३ व्होल्टचा सेलही बदला. त्याचा नंबर सीआर २०३२, तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

पावसाळ्यात मशीन रोज थोडा वेळ चालू ठेवा, जमिनीवर ठेवू नका, आणि गरम असताना त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका. आतली वाफ आतच राहते.

१०. आमच्या घरात माग आहेत. धुळीने स्क्रीन काळी होऊ शकते का?

होऊ शकते, पण धूळ कसली आहे यावर ठरतं. बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबागेतल्या मागाच्या घरांत सुताचा तंतू पंख्यात आणि जाळीत नमदा बनून बसतो. हवा अडते, ग्राफिक्स कार्ड तापतं. पंखे एकदम जोरात फिरू लागतात आणि स्क्रीन काळी होते, ही त्याची खूण. प्रोसेसर तापला तर मात्र मशीन पूर्ण बंद पडतं. निपाणीकडे तंबाखूची वखार शेजारी असेल तर धूळ चिकट असते, नुसत्या फुंकरीने जात नाही. मऊ ब्रश लागतो.

सर्वांत घातक ती फाउंड्री आणि लेथची धूळ. त्यात लोखंडाचे कण असतात, ते मदरबोर्डवर बसून दमट हवेत शॉर्ट करू शकतात. अशा ठिकाणी सीपीयू कामाच्या खोलीत ठेवूच नका. लांब केबल घेऊन भिंतीपलीकडे ठेवा, वर्षातून चार वेळा साफ करा.

साफ करताना डबा बाहेर अंगणात न्या, ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, एसएमपीएस उघडू नका. त्याच्या जाळीतून बाहेरूनच हवा मारा. पालीने किंवा उंदराने आत घर केलंय का तेही पाहून घ्या, सीमाभागातल्या जुन्या कौलारू घरांत हे नवल नाही.

११. डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात आणि स्क्रीनही लुकलुकते. धोका आहे का?

आहे, कारण तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसमधला गाळणीचा भाग थोडा करंट अर्थकडे सोडण्यासाठीच बनवलेला असतो. अर्थ नसेल तर तोच दाब डब्यावर येतो. करंट अगदी कमी असतो म्हणून झिणझिण्यांवर भागतं. पण उद्या आत खरोखर शॉर्ट झाला तर तो डबा पूर्ण दाबाचा होईल आणि त्याला वाचवायला अर्थ नसेल. तीन पिनांची पिन दोन पिनांच्या सॉकेटात घुसवणारी जोडणी आजच काढा. जुन्या घरात अर्थिंगचा खड्डा असतो पण कोरडा पडलेला असतो, उन्हाळ्यात त्यात पाणी घालावं लागतं. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच तपासून घ्या.

१२. सगळं काळं आहे, फक्त माऊसचा बाण दिसतो. आता?

बाण दिसतोय म्हणजे मॉनिटर, केबल, ग्राफिक्स कार्ड तिन्ही काम करतायत. विंडोजचा डेस्कटॉप उघडलेला नाही. पहिल्यांदा विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चारही एकदम दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, क्वचित 'बीप' ऐकू येते. उघड्या फाइलींना धक्का लागत नाही.

काही झालं नाही तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. 'रन न्यू टास्क' निवडून इंग्रजी अक्षरांत एक्सप्लोरर डॉट ईएक्सई असं टाइप करा आणि एंटर मारा. इथे एक अडचण हमखास येते: नुडी (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) किंवा मराठी कीबोर्ड चालू राहिलेला असतो आणि अक्षरं भलतीच उमटतात. आधी इंग्रजीवर या. नुकताच नवा अँटिव्हायरस टाकला असेल तर तो काढून पाहा. तेवढ्यानेही भागलं नाही तर सेफ मोड, प्रश्न १३ मध्ये.

१३. अपडेट झाल्यापासून विंडोजचा लोगो येतो आणि नंतर काळंच. काय करायचं?

अपडेट चालू असतानाच स्क्रीन काळी झाली असेल तर थांबा. सीपीयूवरचा हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तोवर बटण दाबू नका. जुन्या हार्ड डिस्कवर एखादा मोठा अपडेट तासाच्या वर घेतो.

दिवाही शांत, आणि दर वेळी तिथेच अडकतंय, तर ड्रायव्हरवर संशय घ्या. लोगो आल्यावर पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. असं लागोपाठ तीनदा केलं की विंडोज दुरुस्तीचं पान उघडतं. तिथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग ४ दाबा. हा सेफ मोड, म्हणजे गरजेपुरत्याच गोष्टींवर चालणारी विंडोज. चित्र मोठं आणि फिकं दिसेल, ते ठीक आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडॅप्टर्सखाली ग्राफिक्सवर डबल क्लिक करा, ड्रायव्हरच्या पानावर 'रोल बॅक' असेल तर तो दाबा, नसेल तर ड्रायव्हर अनइन्स्टॉल करून मशीन सुरू करा. त्याच ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये शेवटचा अपडेट काढण्याचीही सोय आहे.

विंडोज ११ मध्ये या वाटेवर ४८ आकडी रिकव्हरी की (डिस्कचं कुलूप उघडणारा नंबर) मागितली जाऊ शकते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, मोबाईलवरून लॉगिन करून मिळते. मशीन दुसऱ्या कुणी त्याच्या ईमेलवर सुरू करून दिलं असेल तर की त्याच्याकडे असते. आज, सगळं चालू असतानाच, ती कागदावर लिहून ठेवा.

१४. सारखं वॉलपेपर काळं होतं, पण आयकॉन दिसतात. हा व्हायरस आहे का?

आयकॉन दिसतात म्हणजे स्क्रीनला काही झालेलं नाही. विंडोज अस्सल नसेल, तिची नोंदणी झालेली नसेल, तर वॉलपेपर काळं होऊ शकतं. विंडोज ७ मध्ये तर ते ठरावीक वेळाने पुन्हापुन्हा काळं होत असे. कोपऱ्यात तशी सूचनाही दिसते. क्रॅक टाकून ती घालवण्याच्या नादात खरोखरचा व्हायरस घरात येतो. नोंदणी झालेली विंडोज घ्या किंवा लिनक्स वापरा.

१५. झोपवलेला कॉम्प्युटर जागाच होत नाही. दिवा चालू, स्क्रीन काळी.

कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाने काय करावं त्या पानावर 'फास्ट स्टार्टअप'ची खूण काढा. मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून ग्राफिक्स आणि चिपसेटचे ड्रायव्हर घ्या. तोवर 'स्लीप' वापरू नका.

१६. शाळेतल्या प्रोजेक्टरला जोडला होता, ऑफिसात परत आणला तर काहीच दिसत नाही.

गुरुजी, चित्र अजून 'दुसऱ्या पडद्यावर' पाठवलं जातंय. विंडोजचं बटण धरून पी दाबा, दोन सेकंद थांबा, बाण वर दाबून एंटर मारा. जमेपर्यंत दोन-तीनदा करून पाहा. 'आउट ऑफ रेंज' अशी पाटी येत असेल तर प्रोजेक्टरसाठी निवडलेलं रिझोल्यूशन मॉनिटरला झेपत नाही. सेफ मोडमध्ये जाऊन कमी करा.

१७. ऑटोकॅड किंवा गेम उघडला की काळी होते. एरवी दिवसभर नीट चालतो.

भार आल्यावरच जाते, म्हणजे कारण उष्णता किंवा वीज. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर वेगळ्या ग्राफिक्स कार्डचं तापमान दिसतं. ते ८५-९० अंशांकडे गेलं की प्रश्न १० प्रमाणे साफसफाई करा. तापमान ठीक असूनही जात असेल तर एसएमपीएस. बिनकंपनीच्या एसएमपीएसवर ४५० वॅट लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात तो तेवढा भार देतोच असं नाही. मेकॅनिकला भाराखाली १२ व्होल्टची लाईन मोजायला सांगा, ती ११.४ ते १२.६ च्या आत राहिली पाहिजे. कार्डाला वेगळी पॉवरची पिन असेल तर ती पूर्ण बसली आहे का तेही पाहा.

फक्त व्हिडिओचा चौकोन काळा होत असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून पाहा. काही सशुल्क व्हिडिओ मात्र रेकॉर्डिंग किंवा शेअरिंग चालू असताना मुद्दामच काळे ठेवलेले असतात.

१८. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल. डेटा जाईल का?

थांबा. स्क्रीन काळी होणं आणि डेटा जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मॉनिटर, केबल, रॅम, एसएमपीएस यांपैकी काहीही बिघडलं तरी डिस्कवरचे फोटो, सोसायटीचे हिशेब, लग्नपत्रिकांच्या फाइली जागेवरच असतात. फॉरमॅटमुळे मात्र त्या जाऊ शकतात. पहिल्या प्रश्नातल्या तपासण्या तुमच्यासमोर झाल्या का विचारा. त्या न करता फॉरमॅट सुचवला जात असेल तर मशीन परत आणा. फॉरमॅट खरंच लागलाच तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडून आधी सगळ्याची प्रत घ्या, आणि ती उघडून पाहिल्यावरच होकार द्या.

१९. वळवाच्या पावसात वीज कडाडली, तेव्हापासून डिस्प्ले नाही.

पिन काढून केबल दुसऱ्या तोंडात लावा, मग चालू करून चित्र येतं का पाहा: एचडीएमआयऐवजी व्हीजीए किंवा डिस्प्लेपोर्ट. पुष्कळदा एकच तोंड जळलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये गडगडाट सुरू झाला की विजेच्या पिनेबरोबर इंटरनेटची तांब्याची वायरही काढा. झटका त्या वाटेनेही येतो.

२०. मॉनिटर कोल्हापुरात घेतला, राहतो निपाणीत. वॉरंटी बेळगावात मिळेल का?

बिलावर सीरियल नंबर असेल आणि वॉरंटी कंपनीची असेल तर ती देशभर चालते. राज्य बदललं म्हणून कुणी नाकारू शकत नाही. कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून मुदत पाहा. 'दुकानाची वॉरंटी' मात्र त्याच दुकानात. म्हणून घेतानाच जीएसटीचं पक्कं बिल घ्या, आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या.

दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही जाता येतं. त्यामुळे दुकान कोल्हापूरचं असलं तरी निपाणीच्या माणसाला बेळगावच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते.

२१. मॉनिटर खरोखर गेला. दुरुस्त करू की नवा घेऊ? जुन्याचं काय करू?

अडॅप्टर, केबल, पॉवरचा भाग यांची दुरुस्ती परवडते. काच फुटली किंवा पॅनेलवर उभ्या रेघा आल्या तर नवा घ्या. प्रकाशाची पट्टी मधली गोष्ट आहे; मोठ्या मॉनिटरला करा, जुन्या लहानाला नको. दुरुस्तीचा खर्च नव्या मॉनिटरच्या निम्म्यावर गेला की मी नको म्हणतो.

जुना मॉनिटर भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. जुन्या एलसीडींतल्या प्रकाशाच्या नळ्यांत पारा असतो, त्याआधीच्या मोठ्या डबा मॉनिटरच्या काचेत शिसं. नवा घेताना दुकानदाराला किंवा कंपनीला जुना परत घ्यायला सांगा. ई-कचऱ्याच्या नियमांनी रीसायकलिंगची जबाबदारी कंपनीवर टाकली आहे. अडॅप्टर आणि केबल चांगल्या असतील तर ठेवून घ्या, पुढच्या वेळी प्रश्न ३ आणि ४ ची तपासणी करायला लागतील.